नंबर तुमचा, पण सिम कुणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात रिचार्जच्या दरांबद्दल लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती: परवडत नसेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदला. या वेळच्या टपालात त्या ओळीवरचेच प्रश्न जास्त आहेत. सगळी पत्रं आणि ईमेल एकापाठोपाठ वाचताना लक्षात आलं की पोर्ट, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, अवघड म्हणून अडलेले लोक थोडेच आहेत. बरेच जण नावापाशी अडले आहेत. नंबर वर्षानुवर्षं वापरतंय एक माणूस आणि कंपनीच्या दप्तरी नाव भलत्याचंच. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. तिथेही घरच्या फोनचं नाव बदलायचं राहून गेलं म्हणून हेलपाटे घालणारी माणसं रोज काउंटरवर यायची. मोबाइल आला, पण ही सवय गेली नाही. म्हणून निवडलेल्या पत्रांत नावाचे प्रश्न मुद्दाम जास्त घेतले आहेत.

माझ्या रिचार्जमध्ये एसएमएस नाहीत. पोर्टसाठी मेसेज करायचा तर आधी मोठं रिचार्ज मारा, असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का?
— एक गृहिणी, कऱ्हाड

नाही. अशा तक्रारी वाढल्यावर डिसेंबर 2021 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेने, सगळ्या कंपन्यांना आदेश दिला की ग्राहकाचं रिचार्ज कितीचंही असो, त्यात एसएमएस असोत वा नसोत, पोर्टचा मेसेज गेलाच पाहिजे. तेव्हा मोठं रिचार्ज मारू नका.

मेसेज असा करायचा: इंग्रजी अक्षरांत पोर्ट, मग एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर, आणि पाठवायचा 1900 वर. ज्या सिमचा नंबर पोर्ट करायचाय, त्याच सिमवरून. दोन सिमचा फोन असेल तर इथेच घोटाळा होतो, मेसेज दुसऱ्याच सिमवरून जातो आणि उत्तर येतं की विनंती चुकीची आहे. सगळं बरोबर असेल तर थोड्या वेळात 1901 वरून आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो. त्याला यूपीसी म्हणतात. तो चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात आधार किंवा दुसरं ओळखपत्र घेऊन जायचं, कोड सांगायचा, फोटो द्यायचा, सिम घ्यायचं. जुन्या कंपनीच्या दुकानात जायची, त्यांची परवानगी मागायची काही गरज नाही. हे मी ठासून सांगते, कारण 'आधी जुन्या ऑफिसातून एनओसी आणा' असं सांगणारे अजून भेटतात. डिसेंबर 2019 पासून तुम्ही पोर्टला पात्र आहात की नाही याची तपासणी कोड येण्याआधीच होते. पात्र असाल तरच कोड येतो, नसाल तर नकाराचं कारण मेसेजमध्येच लिहून येतं.

मिस्टर जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचाच नंबर मी वापरते, बँक, गॅस, मुलाची शाळा सगळीकडे तोच दिलेला आहे. आमच्या भागात त्या कंपनीची रेंज येत नाही. दुकानदार म्हणतो, 'काकू, तुमच्या आधारवर पोर्ट करून देतो, कुणी विचारत नाही.' करू का? हा नंबर मला सोडवत नाही.
— एक वाचक, सांगोला

नका करू. आणि नंबरही सोडू नका. दोन्ही जमतं, फक्त क्रम पाळावा लागतो.

पोर्टचा अर्ज ज्याच्या नावावर नंबर आहे त्यानेच करायचा असतो. तुमच्या आधारवर तो परस्पर फिरवला तर आज कदाचित कुणी विचारणार नाही. पण उद्या सिम हरवलं, किंवा बँकेत काही वाद निघाला, की दोन कंपन्यांच्या दप्तरात एकाच नंबरला दोन नावं दिसतील आणि खुलासा तुमच्याकडे मागतील. दुकानदाराला त्याच्या सिमचं कमिशन मिळालेलं असेल. तो तेव्हा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

म्हणून आधी आत्ताच्या कंपनीच्या अधिकृत केंद्रात जाऊन नंबर तुमच्या नावावर करून घ्या. कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात हे काम होत नाही. वारसाच्या नावावर नंबर करून देण्याची सोय असते. मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, नातं दाखवणारा कागद, आणि मुलं सज्ञान असतील तर त्यांची 'आमची हरकत नाही' अशी सही, एवढं घेऊन जा. प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स जास्त ठेवा. अर्ज दिल्यावर पोच किंवा विनंती क्रमांक मागून घ्या. तोंडी 'होऊन जाईल' यावर उठून येऊ नका.

नाव बदलण्याचं काम चालू असताना पोर्टचा कोड मिळत नाही, तसा नियमच आहे. तेव्हा दोन्ही अर्ज एका दिवशी करायला जाऊ नका. नाव पूर्ण बदलल्याचा मेसेज आला, की मग 1900.

मधल्या काळात नंबर जिवंत ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबरवर 90 दिवस काहीच वापर झाला नाही, म्हणजे ना कॉल, ना मेसेज, ना इंटरनेट, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून घेऊन आणखी 30 दिवस नंबर राखला जातो. बंद झालाच तर पुढचे 15 दिवस तो परत सुरू करून घेता येतो. त्यानंतर हक्क संपतो, आणि नंबर पुढे कधीतरी अनोळखी माणसाच्या हातात जातो. तेव्हा रेंज येत नाही म्हणून हे सिम ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका. लहानसं का होईना रिचार्ज ठेवा, आणि रेंज असलेल्या ठिकाणी गेलात की एखादा कॉल करा.

तुमच्यासारखीच पत्रं दर महिन्याला येतात आणि त्यातली बहुतेक बायकांची असतात. सिम घरातल्या पुरुषाच्या नावावर घ्यायचं ही अजूनही पद्धतच आहे. नवऱ्याचं आधार जवळ होतं, मुलगा दुकानात गेला होता, भावाने कॉलेजात असताना घेऊन दिलं होतं. तेव्हा कुणाच्या मनात काही नसतं. पण आज बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग, दवाखान्याची अपॉइंटमेंट, सगळं ज्या नंबरवर येतं तो कागदोपत्री तुमचा नसेल तर एका सहीसाठी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं. ती सही देणारा माणूस हयात आहे, जवळ आहे, बोलण्यातला आहे, तेव्हाच नंबर आपल्या नावावर करून घ्या. हे ज्या वाचतायत त्या सगळ्यांना माझं हे कळकळीचं सांगणं आहे.

आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. आपला नंबर टाकून आलेला ओटीपी भरला की यादी येते. तुमच्या नंबरवरून यादी काढली आणि त्यात नवऱ्याचे किंवा मुलाचे बाकीचे नंबर दिसले, तर तुमचा नंबरही त्यांच्याच नावावर आहे असं समजा. यादीत अगदीच अनोळखी नंबर निघाला तर तिथेच तक्रारही करता येते.

पोर्ट केल्यावर जुन्या सिमवरचा बॅलन्स आणि उरलेला डेटा नव्यात येतो का?
— एक विद्यार्थी, लातूर

येत नाही, बुडतो. रिचार्ज संपत आलं की पोर्टला लागा, पण अगदी शेवटच्या दिवशी नको. हातात आठवडाभर असू द्या.

माझी मुंबईहून कोल्हापूरला बदली झाली. नंबर मुंबईचा आहे. इथे येऊन पोर्ट करता येईल का? तीन दिवसांत होतं म्हणतात, माझा पाचवा दिवस चालू आहे.
— एक बँक कर्मचारी, कोल्हापूर

येतं, आणि तुमचं काही अडकलेलं नाही. दूरसंचारच्या नकाशावर मुंबई आणि महाराष्ट्र हे दोन वेगळे विभाग, म्हणजे सर्कल, आहेत. मुंबईच्या सर्कलमध्ये नवी मुंबई आणि कल्याणकडचा भाग येतो. बाकीचं राज्य गोव्यासह महाराष्ट्र सर्कलमध्ये. त्यामुळे मुंबईचा नंबर कोल्हापुरात पोर्ट करणं म्हणजे सर्कल ओलांडणं झालं. एकाच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदललं की पाच. कामाचे दिवस म्हणजे रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या धरायच्या नाहीत. सणाच्या आठवड्यात अर्ज टाकला तर कॅलेंडरवर ते आठ दिवसही दिसतील.

ही सोय आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आली. नोव्हेंबर 2010 मध्ये सुरुवात हरियाणातून झाली, 20 जानेवारी 2011 पासून ती देशभर लागू झाली, पण फक्त आपापल्या सर्कलपुरती. मुंबईचा माणूस पुण्यात राहायला गेला आणि कंपनी बदलली की नंबर बदलायचाच. सर्कल ओलांडून नंबर नेण्याची मुभा 3 जुलै 2015 पासून मिळाली. बदलीच्या नोकरीतल्या लोकांसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

ज्या रात्री बदल होणार आहे त्याची तारीख-वेळ नवी कंपनी मेसेजने कळवते. सहसा रात्रीचीच वेळ असते आणि साधारण चार तासांपर्यंत फोन बंद राहू शकतो. तोवर जुनं सिमच फोनमध्ये ठेवा. त्याचं नेटवर्क गेलं की नवं घाला. काही जण उत्साहाने नवं सिम पहिल्याच दिवशी घालतात आणि जुनं कुठेतरी टाकून देतात. मग मधले चार दिवस ना बँकेचा ओटीपी, ना घरच्यांचा फोन. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमच्याच गावचे एक वाचक विचारतात की मुलगा लष्करात जम्मूला आहे, त्याच्या नंबरचं काय. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत कोडची मुदत चार ऐवजी 30 दिवस असते आणि पोर्ट व्हायलाही जास्त वेळ लागतो. त्याने रजेवर येण्याच्या तोंडावर अर्ज करू नये.

नोकरी सोडली. कंपनीने दिलेला पोस्टपेड नंबर नऊ वर्षं माझ्याकडे आहे, सगळे क्लायंट त्यावरच फोन करतात. मी तो पोर्ट करू शकतो का?
— एक विक्री प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

नऊ वर्षं वापरलात तरी नंबर कागदोपत्री कंपनीचा आहे, त्यामुळे कंपनीच्या अधिकृत व्यक्तीच्या पत्राशिवाय तो हलणार नाही. एचआरला आजच ईमेल करा: नंबर माझ्या वैयक्तिक नावावर करून द्यायला संमती द्यावी. राजीनाम्याची गोडी असते तोवर अशी पत्रं मिळतात. शेवटचा हिशेब झाला, नव्या माणसाला तोच नंबर दिला गेला, की दार बंद. संमती मिळाली तर आधी नाव बदलून घ्या आणि मग पोर्ट करा.

पोस्टपेडवाल्या सगळ्यांसाठी एक: निघालेलं बिल भरलेलं असेल तरच कोड मिळतो. पोर्ट झाल्यावर मधल्या दिवसांचं एक शेवटचं बिल जुन्या कंपनीकडून येतं, तेही भरायचं. 'आता त्यांचा नि माझा संबंध काय' म्हणून सोडून दिलंत तर जुनी कंपनी थकबाकीपोटी नव्या कंपनीकडचा तुमचा फोनही बंद करायला लावू शकते.

परवा 1901 वरून एक कोड आला. मी काही मागितलं नव्हतं. पाठोपाठ फोन आला, 'काका, तुमचं सिम फाइव्ह-जी करायचं आहे, आलेला कोड सांगा.' मी सांगितला नाही. आता भीती वाटते.
— एक सेवानिवृत्त शिक्षक, चाळीसगाव

तुम्ही अगदी योग्य तेच केलंत. सिम फाइव्ह-जी करायला यूपीसी लागत नाही. हा कोड एकाच कामाचा असतो, तुमचा नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायच्या. तो दुसऱ्याच्या हाती गेला आणि त्याने खोट्या कागदांवर सिम उचललं, तर तुमचा फोन मुका होतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्या हातातल्या फोनवर वाजतात.

आता प्रश्न असा की मेसेज तर तुमच्याच सिमवरून जावा लागतो, मग कोड आला कसा? दोन-तीन शक्यता आहेत. फोन कुणाच्या हातात गेला होता का? मोबाइल दुरुस्तीला दिला होता का? कुणी सांगितलं म्हणून एखादं ॲप टाकलंत का, ज्याला मेसेज पाठवायची परवानगी आहे? असलं ॲप सापडलं तर आधी काढून टाका. कोड चार दिवसांत आपोआप रद्द होतो. तरी तुमच्या कंपनीला फोन करून मी पोर्ट मागितलेलं नाही हे नोंदवून ठेवा. आणि समजा, पोर्टची विनंती दाखल झाल्याचा मेसेज आलाच, तर चोवीस तासांच्या आत 1900 वर इंग्रजी अक्षरांत कॅन्सल, एक जागा, आणि आपला नंबर असा मेसेज करा. विनंती रद्द होते. फोनचं नेटवर्क विनाकारण गेलं आणि तासाभरात आलं नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला कळवून खातं थांबवा, मग कंपनीला. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार.

असे प्रकार वाढल्यामुळेच 1 जुलै 2024 पासून एक नवी अट आली. सिम हरवलं, बिघडलं म्हणून त्याच नंबरचं नवं सिम घेतलं असेल तर पुढचे सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. चोर आधी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढायचा आणि लगेच नंबर दुसरीकडे पळवायचा, म्हणून मधे हा अडसर घातला. परभणीच्या ज्या वाचक ताईंनी 'सिम बदललं आणि आता पोर्ट नाकारतात, अन्याय आहे' असं लिहिलंय, त्यांनी आठवडाभर थांबावं. ही अट आपल्याच भल्याची आहे. नवीन नंबर घेतल्यापासून किंवा शेवटचं पोर्ट केल्यापासून 90 दिवस व्हावे लागतात ही अट मात्र जुनीच आहे.

पोर्ट झालं, कॉल येतात-जातात. पण यूपीआय चालेना. आणि पहिल्या दिवशी दोघा-तिघांना माझा नंबर 'अस्तित्वात नाही' असं ऐकू आलं. असं का?
— एक किराणा व्यावसायिक, वर्धा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मला त्यातच जास्त रस आहे. पूर्वी नंबरचे सुरुवातीचे आकडे बघूनच कॉल कुठे पाठवायचा हे यंत्रणेला कळायचं. आता त्या आकड्यांवरून फक्त नंबर मूळचा कुणाचा एवढंच समजतं. पत्ता तोच आणि राहणारा माणूस दुसऱ्या गावी गेलाय, तेव्हा पोस्टमनला वहीत बघून पत्र पुढे धाडावं लागतं, तसं प्रत्येक कॉलच्या वेळी होतं. पोर्ट झालेल्या नंबरांची एक यादी असते, त्यात तुमच्या नंबरासमोर नव्या नेटवर्कचा रस्ता लिहिलेला असतो. तुम्ही बटण दाबल्यापासून रिंग वाजेपर्यंतच्या क्षणात ही यादी तपासून होते. ही यादी सांभाळणाऱ्या संस्था कुठल्याच मोबाइल कंपनीच्या नसतात, आणि देश त्यासाठी दोन झोनमध्ये वाटलेला आहे. महाराष्ट्र, मुंबई, गुजरात, दिल्ली हे सगळं एका झोनमध्ये. तुमचं पोर्ट झालं की ती नोंद सगळ्या कंपन्यांकडे जाते आणि प्रत्येकीने आपल्याकडची प्रत बदलायची असते. एखादीकडे ती बदलायला वेळ लागला की तिच्या ग्राहकांना 'नंबर अस्तित्वात नाही' ऐकू येतं. दुसऱ्या दिवसानंतरही तसं होत असेल तर फोन करणाऱ्याची कंपनी आणि वेळ टिपून नव्या कंपनीला सांगा. नुसतं 'फोन लागत नाही' म्हटलं तर कुणी शोधत बसत नाही.

यूपीआयचं कारण साधं आहे. ॲप तुमच्या सिमला बांधलेलं असतं. नंबर तोच असला तरी सिम नवं, म्हणून ते पुन्हा ओळख पटवून मागतं आणि त्यासाठी तुमच्या सिमवरून एक एसएमएस आपोआप पाठवतं. नव्या सिमवर एसएमएस जाईल असं रिचार्ज आहे का ते बघा. दहापैकी नऊ दुकानदारांचं अडतं ते इथेच. ओळख पटल्यावरही काही बँका पहिला दिवस व्यवहाराची मर्यादा कमी ठेवतात, तेव्हा माल भरायच्या दिवशी पोर्टची तारीख येऊ देऊ नका. व्हॉट्सॲपमध्ये काहीच बदलायचं नाही. 'नंबर बदला' हा पर्याय तर मुळीच दाबू नका, तुमचा नंबर बदललेलाच नाही.

घरच्या लँडलाइनचा नंबरही असा नेता येतो का?
— एक वाचक, अलिबाग

नाही. आपल्याकडे ही सोय फक्त मोबाइल नंबरांना आहे.

सगळं नियमाप्रमाणे केलं तरी जुनी कंपनी 'बिल बाकी आहे' म्हणून पोर्ट नाकारते. बिल मी भरलंय, पावती आहे. ट्रायला पत्र लिहू का?
— एक वकील, नागपूर

ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, ते पत्र फार तर कंपनीकडे पाठवलं जाईल. पायरी अशी आहे: आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात, म्हणजे 198 वर, तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. तो नंबर मेसेजनेही येतो, तो मेसेज पुसू नका. दिलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत अपील करा. त्याला फी नाही. अपिलासोबत पावती, नकाराच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि डॉकेट नंबर जोडा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख दिसेल असा घ्या, कारण तुमचं बिल नकाराच्या आधी भरलं होतं की नंतर, एवढाच या भांडणाचा मुद्दा आहे.